बांजोकोचं कार्ड

आबेओकुटातल्या म्हाताऱ्यांशी डोकं लावायला मला मुळीच आवडत नाही, आणि कापडं रंगवून निळीने काळे पडलेले हात नाचवत येणारी आबेजे आजी म्हणजे तर चालतंबोलतं भांडण. त्या सकाळी ती आमच्या दवाखान्यातली रांग मोडून पुढे घुसली. मागे तिची सून मोरेनिके, आणि तिच्या पाठीला बांधलेलं तापाने फणफणलेलं मूल. आजीने माझ्यासमोर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड आपटलं.

"बघ आणि औषध दे."

कार्डावर नाव बांजोको. आमच्या सिकलसेलच्या नोंदणीतला मुलगा, वय चार वर्षं. पाठीवरच्या पोराला धड दातही आले नव्हते.

"आजी, हे कार्ड कुणाचं?"

"त्याचंच."

"तो चार वर्षांचा आहे."

"होता. गेला आणि परत आला. आबिकू आहे मेला, आईला छळायला सारखा येतो-जातो. पुरताना मी स्वतः कानाला चीर दिली होती. हा बघ कान!"

पोराच्या कानावर बारीकशी खाच होती. तसली जन्मजात खाच माझ्याही कानाला आहे.

माझं टाळकंच सटकलं. बांजोको मेला होता आणि आमच्या नोंदणीत तो मजेत जगत होता. नोंदवलेली मुलं दगावत नाहीत म्हणून वरचे साहेब स्वतःची पाठ थोपटून घेत होते. दगावतील कशी? पोर गेलं तरी घरचे कळवतच नाहीत, कारण ते परत येणारच असतं!

"मी टोचून बघते. हे पोर वेगळं आहे."

"एकदा टोचलंस ना त्याला? किती रक्त काढशील? नर्स आहेस की जळू?"

"आणि तुम्ही? मेलेल्याच्या कार्डावर जित्याला औषध द्यायला सांगता? चुकीच्या औषधाने हाही गेला, तर पुन्हा कान कापाल?"

रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात धरले. आजी माझ्या अंगावर धावून आली.

"जिभेला काही हाड? स्वतःला पोर नाही, म्हणून बोलवतं तुला!"

ते खरं होतं, आणि मला झोंबलं. मी मोरेनिकेकडे वळले. "तू बोल. पोर तुझं आहे की सासूचं?"

तिने सासूकडे न बघता कापडाची गाठ सोडली आणि पोराचा हात माझ्यापुढे धरला. मी बोट टोचलं. मलेरियाच्या आणि सिकलसेलच्या पट्ट्यांवर निकाल उमटेपर्यंत आजी मला शिव्याशाप देत होती.

मलेरिया निघाला. सिकलसेल नव्हता.

"ऐकलंत?" सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "याला तो आजार नाहीच. हा बांजोको नाही. मलेरियाचं औषध घेतलं की हा बरा होईल."

आजीने कार्ड मागे ओढून घेतलं. मला फार बरं वाटलं.

मोरेनिके मात्र हसली नाही. आबिकूसाठी रडायचं नसतं. रडलं की तो सोकावतो म्हणे. मुलगा गेला तेव्हा तिला कुणी रडू दिलं नव्हतं.

"हा तो नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग माझा बांजोको मेला?"

मी काही बोलायच्या आत ती खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. "गप! हा ऐकेल!" म्हणत आजी तिचं तोंड दाबायला धावली. मोरेनिके त्या हाताला कडकडून चावली.

नोंदणीत बांजोकोपुढे मृत्यूची तारीख लिहायची होती. ती विचारायची माझी छाती झाली नाही.