खडूची रेघ

माणूस निवृत्त होतो, पण त्याची नजर निवृत्त होत नाही. चेकरसाहेबांचंच बघा ना. उभा जन्म बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेला. आता बस नाही, तिकीट नाही, तरी घरात पाहुणा शिरला की हे आधी त्याच्या खिशाकडे बघणार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

या गृहस्थांना उतारवयात हौस लागली लाकडं तोडायची. घरात गॅस होता, विजेचा हीटर होता. पण बैठकीतल्या लोखंडी शेगडीत आपण तोडलेलं लाकूड जळताना बघायची मजा बटण दाबण्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. जोडीला त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते शिंपी. तिसरे कंपाउंडर. त्यांच्या हातात कुऱ्हाडीपेक्षा चहाचा थर्मासच जास्त वेळ असायचा. दर रविवारी सकाळी तिघं नदीकाठच्या बागेत जायचे. पडलेल्या झाडांची बागवाल्याला अडचणच व्हायची. "न्या बाबांनो," तो म्हणायचा, "तुमची हौस होते, माझी जागा मोकळी होते."

करवत होती दोन मुठींची, चांगली माणसाएवढी लांब. एका टोकाला चेकरसाहेब, दुसऱ्या टोकाला साडू. तिचा नियम एकच. आपल्या पाळीला ओढायचं आणि दुसऱ्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. मध्येच ढकलायला गेलात की पातं वाकलंच म्हणून समजा. या दोघांची करवत मात्र लोण्यातून गेल्यासारखी जायची. साडूंनी तर दोन्ही मुठींना खाकी कापडाची मऊ गादी शिवून घेतली होती. कापड चेकरसाहेबांच्या जुन्या गणवेशाचं.

"साडूभाऊ, जरा दमानं ओढा," चेकरसाहेब धापा टाकत म्हणायचे. "सासऱ्यांनी मला मुलगी दिली, जीव घ्यायचा हक्क तुम्हाला नाही दिला."

"तुम्ही थोरले जावई ना? मग मान तुमचा, घामही तुमचा!"

"आणि चहा माझा," कंपाउंडर म्हणायचे. मग तिघं ओंडक्यावर बसून कुऱ्हाडीचा दांडा कुठल्या लाकडाचा चांगला, कुणाची धार किती टिकते, यावर तासभर वाद घालायचे. निकाल कधीच लागला नाही, आणि तो लागावा असं कुणाला वाटतही नव्हतं.

साडूंचं घर म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे लाकडं ठेवायला जागा कुठली? म्हणून दोघांचं सगळं लाकूड चेकरसाहेबांच्या परसात, पत्र्याखाली भिंतीला लावून रचायचं आणि थंडी पडली की वाटून घ्यायचं, असं ठरलेलं. परसाच्या फाटकाची एक किल्ली साडूंकडे असायची. ते अधूनमधून येऊन रास नीट करायचे, ढलप्या झाडून न्यायचे. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

एरवी त्यांना मिळायचं ते जुनं, वठलेलं लाकूड. यंदा वादळात बागेच्या कडेची हिरवीगार निलगिरी आडवी झाली. एवढं लाकूड तिघांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रास चेकरसाहेबांच्या डोक्याच्याही वर गेली, उरलेलं झाड कापायला बागेतच राहिलं. त्यांनी कौतुकानं सगळ्यात वरचा ओंडका ठेवला आणि त्याच्या माथ्याशी भिंतीवर खडूनं रेघ मारली. "बघा, इथवर आलो आपण!"

ती रेघच नडली.

थोड्या आठवड्यांनी ते परसात गेले, तर रेघ वर आणि रास खाली. मध्ये चार बोटं जागा. आधी वाटलं, चष्म्याचा दोष. चष्मा पुसून बघितलं. चार बोटं ती चार बोटंच. पुढे तिथे अख्खी मूठ मावायला लागली.

झालं! संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते आपणहून उतरत नाही. किल्ली कुणाकडे? साडूंकडे. परसात कोण येतं? साडू. जाताना ज्यांची पिशवी फुगलेली असते ते कोण? तेच. रविवारी साडू हसले तरी यांना वाटायचं, हा का हसला? गप्प बसले तर वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. एकदा साडूंनी सहज विचारलं, "यंदा वाटणी लवकर करायची का?" चेकरसाहेबांनी लगेच हिशेब मांडला. म्हणजे याला घाई आहे!

त्यांनी ते कंपाउंडरांपाशी बोलून टाकलं. कंपाउंडर थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही हो. पण कुंपणच शेत खातं, हे जगात नवीन आहे का?" नाव न घेता आग लावायची कला असते काही जणांकडे.

त्या दिवसापासून करवत बिघडली. म्हणजे पातं तेच, दातही तेच. पण साडूंच्या पाळीला चेकरसाहेबांचा हात सैल सुटेना. ते मुठीवर जोर देत राहायचे, पातं वाकून ओंडक्यात अडकायचं.

"साडूभाऊ, ढकलताय तुम्ही," साडू म्हणाले.

"मी नाही ढकलत. तुमचंच लक्ष नाही."

आणि मग तो रविवार आला. परसातली रास सारखी करून, ढलप्या झाडून साडू पिशवी घेऊन निघाले. चेकरसाहेब फाटकात आडवे उभे राहिले. बसच्या दारात उभे राहायचे अगदी तसेच.

"दाखवा बघू."

साडू हसले. चेकरसाहेबांची ही जुनी थट्टा असेल असं त्यांना वाटलं. "काय दाखवू? तिकीट?"

"पिशवी."

साडूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे मावळलं. त्यांनी पिशवी उघडली. आत ढलप्या होत्या, लाकूड फोडताना उडणारे बारीक तुकडे, आणि थोडी साल.

"तुमच्या मेहुणीला शेगडी पेटवायला नेतो," ते म्हणाले. "झाडून न्या म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

तिथेच थांबायचं की नाही? पण नाही. "ते ठीक आहे," चेकरसाहेब म्हणाले, "पण फाटकाची किल्ली माझ्याकडेच राहू दे. रास कमी होतेय."

साडूंनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली, पिशवीतल्या ढलप्या राशीपाशी ओतल्या आणि मोकळी पिशवी घडी करून निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यानंतरच्याही नाहीत.

"माझ्या धाकट्या बहिणीनं फोन उचलला नाही," बायको म्हणाली. "लाकडापायी माझं माहेर तोडताय तुम्ही!"

"चोरी सिद्ध होऊ दे, मग बोल."

पण चोरी सिद्ध होईना, आणि रास मात्र खाली जातच राहिली. दोन्ही किल्ल्या चेकरसाहेबांच्या खिशात, तरी रास खालीच! मग याने दुसरी किल्ली करून घेतली असणार. त्यांनी कंबर कसली. बागेत कापून ठेवलेला निलगिरीचा उरलेला, अजून ओला ढीग त्यांनी परसात न ठेवता मागच्या अडगळीच्या खोलीत रचला. खोलीला खिडकी नाही. भिंतीवर रेघ मारली, दाराला नवं कुलूप घातलं, आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. आंघोळ करतानासुद्धा सोडली नाही.

थंडी तोंडावर आली तेव्हा कुलूप उघडलं. कुलपाला ओरखडा नव्हता, दाराला धक्का नव्हता. आणि भिंतीवर रेघ वर, रास खाली. मध्ये चार बोटं जागा.

चेकरसाहेब सावकाश वळले. दारात बायको उभी होती. त्यांची ती नजर बघून ती कडाडली, "हो, मीच खाल्ली लाकडं! रोज दुधात बुडवून खाते. बघा पोट तपासून!"

ते ओशाळले. उगाच काहीतरी करायचं म्हणून त्यांनी वरचा ओंडका उचलला. उचलला तो हातात हलका आला. हाच ओंडका आत आणताना कमरेत कळ आली होती. साल अख्खीच्या अख्खी सुटून पायावर पडली. टोकाला चिरा पडल्या होत्या. दोन ओंडके शेजारी रचताना मध्ये बोट जात नव्हतं, आता तिथे पंजा जात होता. जन्मात पहिल्यांदा ओलं लाकूड रचलं होतं त्यांनी, आणि ते वाळून आटलं होतं, एकमेकांवर बसलं होतं. एकाही तुकड्याला कुणी हात लावला नव्हता.

ते तिथेच पालथ्या बादलीवर बसले. "अगं," ते म्हणाले, "मी काय करून बसलो गं?"

"मला काय विचारता? ज्यांना विचारायचं त्यांना जाऊन विचारा."

तसेच उठून ते साडूंच्या दुकानात गेले. साडू मशीनवर होते. पाय थांबला, पण मान वर झाली नाही.

"साडूभाऊ, चुकलं माझं. लाकडं आटली होती. कुणी नेली नव्हती."

"आटतात," साडू म्हणाले. "कापडही आटतं. म्हणून मी बेतायच्या आधी भिजवून घेतो." मग मशीनवरचं कापड बाजूला सारून म्हणाले, "बसा. चहा सांगतो."

चहा झाला. चेकरसाहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली. साडूंनी ती कात्रीच्या टोकानं हळूच परत सरकवली. "राहू द्या तुमच्याकडेच. दोघांनाही बरं पडतं."

"रविवारी याल ना?"

"येईन की."

आणि खरंच आले. मुठीवरची खाकी गादी तशीच होती. चेकरसाहेबांनी हात इतका सैल सोडला की पातं अडकायचं नावच नाही. कंपाउंडरांनी कुऱ्हाडीच्या दांड्याचा वाद काढून बघितला. "असेल, असेल," एवढंच साडू म्हणाले आणि चहा पिऊन उठले. चेकरसाहेबांना मात्र भरून आलं होतं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

घरी येऊन दोघांनी लाकडं रचली. ढलप्या खाली पडल्या होत्या. साडूंनी त्या झाडून एका कोपऱ्यात लोटल्या, त्यातली एकही उचलली नाही. मग पिशवी घेऊन ते फाटकाशी आले आणि थांबले. कुणी अडवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. साडूंनी पिशवी दोन्ही हातांनी उलटी केली, झटकली, आणि तिकीट दाखवतात तशी चेकरसाहेबांच्या समोर धरली.

चेकरसाहेबांना ओरडून सांगायचं होतं, अहो नको, असं करू नका. पण उभ्या जन्माची सवय. तोंडातून शब्द फुटायच्या आधी त्यांची मान हलली, ठीक आहे, उतरा म्हणून. आणि साडू फाटकातून निघून गेले.