मागचं चाक

साधा मिक्सर घ्यायचा तरी महेश तीन दुकानं पालथी घालतो आणि सगळ्यात स्वस्त तोच घरी आणतो. त्यामुळे त्या दिवशी त्याने माझ्यासाठी सगळ्यात महागडा ट्रेनर घेतला तेव्हा मला भरून आलं. नवऱ्याला आपली कदर आहे, असं वाटलं. मूर्ख मी.

ट्रेनर म्हणजे सायकल घरातल्या घरात अडकवून पायडल मारायचं यंत्र. मला ते हवं होतं दोनच महिन्यांसाठी. पांडवलेण्याच्या मागच्या उतारावर माझी माउंटन बाइक खडीवरून घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. जरा जुळून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बाहेर नको, घरात चालवा." बरं, सायकल हा काही माझा फावल्या वेळेचा चाळा नाही. पहाटे इंदिरानगरातून निघाले की डोंगर येईपर्यंत मी कुणाची सून नसते, कुणाची मॅडम नसते. दिवसातलं तेवढंच माझं.

दुकानदार गोरक्षने दोन प्रकार दाखवले. एकात मागचं चाक जागेवर राहतं आणि रोलरवर घासत फिरतं.

"पण वहिनी, तुमच्या टायरला असले गोटे. घरात ट्रॅक्टर आल्यासारखा आवाज होईल. गुळगुळीत टायर घालावा लागेल आणि डोंगरात जाताना परत बदलायचा."

दुसऱ्यात मागचं चाकच काढून ठेवायचं आणि साखळी थेट यंत्रावर चढवायची. आवाज जवळजवळ नाही, किंमत मात्र भारी.

"पहिलाच द्या. टायर बदलता येतो मला," मी म्हटलं.

"यात चाक पूर्ण निघतं?" महेशने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "मग हाच द्या. आवाज झाला तर खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील."

चालवणार मी, पण गोरक्षने मान डोलावली ती त्याच्याकडे बघून.

चाक जुन्या चादरीत गुंडाळून बाल्कनीत ठेवलं. मी बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून पायडल मारत राहिले. घाम निथळायचा आणि समोर तीच भिंत. महेश रोज चहा आणून द्यायचा. "ट्रक नाहीत, कुत्री नाहीत, किती छान ना?" म्हणायचा. मीही हो म्हणायचे. दसरा जवळ येत होता, मला काय!

दसऱ्याला सकाळी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये गाड्या धूत होती. तेजल, माझी सायकलवरची जोडीदारीण, खाली येऊन थांबली होती. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. पूजा झाली की अंजनेरीला निघायचं. मी चाक आणायला बाल्कनीत गेले. चादर नीट घडी करून ठेवलेली होती.

"समाधानला दिलं," महेश दाढी करता करता म्हणाला. समाधान त्याचा येवल्याचा चुलतभाऊ. "त्याचं चाक वाकलं होतं. आपलं नुसतं धूळ खात होतं."

"माझं होतं ते. मला विचारलंस?"

"तुला कशाला लागतंय? रोज चाकाशिवायच चालवतेस की."

तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. माहेर-सासर दोन्ही सायखेड्याचं, बोलणं अजून गावाकडचंच आणि पोटात काही राहत नाही. त्यांनी झेंडूचा हार हँडलला अडकवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रागावू नको पोरी. तू पडली तवापासून लय धास्ती घेतली त्याने. ते यंत्र आणलं त्याच दिवशी मला म्हणला, आई, मुद्दाम हेच घेतलं, याचं चाकच निघतं. आता नाय जात ती बाहेर."

महेशने नळ मोठा सोडला.

धास्ती त्याची आणि डांबलं मला. वर दोन महिने मी त्याच्या चहाचं कौतुक करत होते! सासूबाईंनी पुढच्या चाकाला कुंकू लावायला बोट उचललं.

"राहू द्या आई," मी म्हटलं. "जागचं हलत नाही ते कसलं वाहन!"

हार काढला, खाली गेले आणि तेजलच्या सायकलला घातला.

"तुझी कुठंय?" तिने विचारलं.

"वर."

"मग आण ना, थांबते मी."

"नको थांबू. ऊन होईल, निघ तू."

ती गेटबाहेर वळली. मी जिना चढून वर आले, तर महेशने सायकलजवळच्या स्टुलावर माझा चहा झाकून ठेवला होता.