न हलणारा हात

आमची लेक कार्टून काढते. तिला घरातच असा पोशाख करायचा होता, की तो घालून माणूस हलला की पडद्यावरचं चित्रही तस्संच हलेल. झालं, माझ्या शिलाईच्या टेबलाचा ताबा गेला. ह्यांच्या जुन्या घट्ट स्वेटरवर मी पट्ट्या शिवल्या, तिने प्रत्येक सांध्यावर हालचाल टिपणारे नखाएवढे सेन्सर बसवले. पहिल्यांदा तिने कोपर वाकवलं आणि पडद्यावरच्या काड्यांच्या माणसानेही वाकवलं, तेव्हा मी सुई हातात धरून बघतच राहिले.

हे खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे. अर्धांगाच्या झटक्यापासून डावा हात मांडीवर पडून होता. व्यायाम करून करून कंटाळले आणि एके दिवशी म्हणाले, "हा हात गेला. आता त्याचं नाव काढू नका." मी भांडले खूप, पण मनातून मीही आशा सोडली होती.

शेवटी पोशाखाचा हातमोजा तयार झाला. बोटं हलली की पडद्यावर एक रेघ उठायची; हात स्थिर असला की ती सपाट राहायला हवी, ते आधी तपासायचं होतं. लेकीचा हात उत्साहाने थरथरत होता, माझा वयाने.

"माझा डावा घ्या," हे म्हणाले. "त्याच्याइतकं आळशी या घरात कुणी नाही."

मोजा चढवला. रेघ बारीक बारीक उठायला लागली.

"आई, टाका सैल पडलाय."

"माझा टाका? आधी तुझी वायर बघ."

मोजा काढून टेबलावर ठेवला, रेघ सपाट. हातात घातला, पुन्हा उठली. वायर बदलून झाली, टाके उसवून पुन्हा घालून झाले, तरी तेच. हात मात्र मांडीवर निपचित.

लेकीने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही काही करताय का?"

हे ओशाळले. "काही नाही गं. करंगळी उचलून बघतोय. रोजच बघतो, तुमचं लक्ष नसताना."

"थांबा बरं," ती म्हणाली. रेघ सपाट झाली.

"आता उचला." रेघ उठली.

मी डोळे फाडून करंगळीकडे पाहिलं. तिथे काहीच हलत नव्हतं, आणि पडद्यावर हलत होतं. हे थांबायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा थांबायचे.

"मला वाटायचं, त्याला माझं ऐकूच येत नाही," हे म्हणाले.

बऱ्याच वेळाने लेकीने मोजा काढायला हात पुढे केला.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझ्या पोशाखाला मी दुसरा शिवते."