गयेला काय सोडायचं

वर्षश्राद्ध पार पडलं आणि त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी सकाळी श्रीकांतरावांनी मुलीला फोन करून सांगितलं, की आज दुपारी बाहेर जेवू. मधुवंती सॉल्ट लेकमधल्या आपल्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल तसाच कठड्यावर टाकला आणि कुठे जायचं, एवढंच विचारलं. जास्त आनंद दाखवला तर बेत मोडेल, अशी तिला भीती वाटली.

विजयाबाई गेल्यापासून वर्षभर त्यांनी एकाही हॉटेलची पायरी चढली नव्हती. मधुवंतीने किती वेळा सुचवून पाहिलं, पण दर वेळी घरी वरणभात आहे की, हे ठरलेलं उत्तर. हे घर ज्याने पाहिलंय त्यालाच यातलं दुःख कळेल. बँकेच्या बदलीने श्रीकांतराव कोलकत्यात आले ते बालीगंजमध्ये कायमचेच राहिले. विजयाबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नसे. पण उंबरठा ओलांडला की त्यांच्या लेखी दुसरा देश सुरू व्हायचा, आणि त्या देशात सगळं चालायचं. घरात साबुदाण्याची खिचडी आणि बाहेर केळीच्या पानात वाफवलेली भेटकी माशाची पातुरी, असा त्यांचा संसार पंचवीसेक वर्षं बिनतक्रार चालला. त्या कधी मेनूकार्ड वाचत नसत. आत शिरताना आजूबाजूच्या ताटांवरून नजर फिरवायच्या, त्यातलं एक निवडायच्या आणि खाणाऱ्यालाच आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत विचारायच्या, की हे काय आणि चांगलं आहे का. बंगाली माणसाला जेवणाबद्दल विचारलं की तो परका राहत नाही. कितीतरी वेळा शेजारच्या टेबलावरची मंडळी शेवटी यांच्याच टेबलावर येऊन बसलेली असायची.

त्या शनिवारी बापलेक टांगऱ्याला गेले. चामड्याच्या जुन्या कारखान्यांच्या त्या भागात चिनी कुटुंबांनी चालवलेली हॉटेलं आहेत. लाल कंदील, फिरतं टेबल, आणि धूर सुटलेल्या कढईतून थेट येणारा मासा. विजयाबाई या माशाला ‘रागावलेला मासा’ म्हणायच्या. श्रीकांतरावांनी तोच मागवला. ते सावकाश, एकेक घास थांबून खात होते, जसे बँकेत असताना एखाद्या शाखेची तपासणी करत असतील तसे. मधुवंतीला बरं वाटलं. मग त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "हा नाही. आवडतो, पण हा नाही."

"कशासाठी हा नाही?"

"गयेला सोडायला."

पुढच्या महिन्यात ते गयेला जाणार होते, हे तिला ठाऊक होतं. आईचे पिंड तिथे द्यायचे, हे त्यांचं केव्हाच ठरलं होतं. गयेला गेलं की अक्षयवटाखाली तिथले पंडे, म्हणजे गयावळ, विचारतात, आवडीचं काय सोडणार? गेलेल्या माणसासाठी एखादं फळ, एखादी भाजी, नाहीतर एखादा पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा. त्याला गयावर्जन म्हणतात. लोक त्यातही शहाणपणा करतात. कुणी दोडका सोडतो, कुणी पडवळ. नाही तरी कोण खातंय! श्रीकांतरावांना तसं करायचं नव्हतं. त्यासाठीच हा फेरा होता. एकेका हॉटेलात जायचं, त्या दोघांनी जे जे खाल्लं ते परत खायचं, आणि काय सोडायचं ते ठरवायचं.

मधुवंतीने चहा ओतला. हॉटेलात शिरताना तिला वाटलं होतं की बाबा परत जगायला लागले. आता दिसत होतं, की ते निरोप घ्यायला आलेत. या माणसाकडे जी थोडी चव उरली असेल, तिच्यातली सगळ्यांत चांगली तेवढी शोधून काढून हा ती टाकून देणार. मग बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावर वरणभात आणि टीव्ही. हे होऊ द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. पण वाद घालणं हा तिचा स्वभाव नव्हता, आणि बाबांचाही नव्हता. घरातले वाद घालायचं खातं आईकडे होतं.

घरी परतताना टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, "दुधी सोडा ना, बाबा. दुधी पण भाजीच आहे."

"दुधी मला आवडत नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

ते हसले. रात्री टोरांटोहून विहंगचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने भावाला मधे घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, व्हॉट्सअॅपवरचे सुविचार सोडा. आईचाही आत्मा शांत होईल आणि आमचाही." श्रीकांतरावांनी त्याला ताबडतोब एक सुविचार पाठवला.

मग शनिवारचा पायंडाच पडला. उत्तर कोलकत्यातल्या एका जुन्या ‘केबिन’ हॉटेलात ते गेले. लाकडी कप्पे, मळकट पडदे, संगमरवरी टेबलं. एके काळी प्रेमात पडलेली मुलंमुली पडदा ओढून इथे बसत. आता तिथे हृदयविकारावर बोलणारे म्हातारे बसतात. कोबिराजी कटलेट आलं. फेटलेलं अंडं उंचावरून तेलात सोडून त्याची सोनेरी जाळी कटलेटभोवती गुंडाळलेली. काटा लागला की कुरकुरत कोसळणारी. मधुवंतीला वाटलं, एवढं नाजूक काम आणि ते एका घासात मोडायचं, यालाच शहरी थाट म्हणत असावेत. शेजारच्या कप्प्यातून एक आजोबा बंगालीत कुणाला तरी बजावत होते, की अंड्याची जाळी त्यांच्या लहानपणी याहून दुप्पट उंच असे. श्रीकांतराव मराठीत पुटपुटले, "तेव्हा आजोबाही याहून उंच असतील." ती खुदकन हसली. आई गेल्यापासून बाबांनी केलेला हा पहिला विनोद होता.

"कोबिराजी?" तिने भीतभीत विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मात्र सोबत मागवलेला बटाट्याचा चॉप त्यांनी काट्याने उघडून आत पाहिलं, आणि मान हलवली. तिला त्याचा अर्थ कळला नाही.

पार्क स्ट्रीटवर पांढऱ्या टेबलक्लॉथचं एक हॉटेल आहे, जिथे दुपारीसुद्धा कुणीतरी पियानो वाजवतं. मधुवंती शाळेत असताना आईने तिला काटा-सुरी धरायला इथेच शिकवलं होतं. शिकवणारीला स्वतःला धरता येत नव्हतं, तरी शिकवलं होतं. पुढ्यात लोणी भरलेली कोंबडी आली. सुरी लावताच पिवळं लोणी उडणार, म्हणून विजयाबाई नेहमी आधी पदर सावरायच्या. श्रीकांतरावांनी सुरी लावली, लोणी वाहिलं, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. मधुवंतीने पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ ओठांशी धरून ठेवला. पियानोवाला जुनं काहीतरी वाजवत होता. दोघांनीही ताटात काही ठेवलं नाही, आणि त्यानंतर कॅरॅमल कस्टर्डही मागवलं. हेही नाही, श्रीकांतराव म्हणाले. बशीच्या कडेची उकडलेली बटाट्याची फोड तेवढी त्यांनी सगळ्यांत शेवटी खाल्ली.

पार्क सर्कसच्या बिर्याणीची तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती. हंडीचं झाकण निघालं की केवडा आणि तुपाचा जो दरवळ रस्त्यापर्यंत येतो, त्याच्यासाठी आईबाबा उन्हात रांगेत उभे राहायचे. सोडणार तर हीच, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून जेवणभर ती बडबडत राहिली, ऑफिसचं, मेट्रोचं, नव्या भाडेकरूचं. श्रीकांतरावांनी बिर्याणीतला तो अख्खा, केशराने पिवळा झालेला, रस्सा प्यायलेला बटाटा आधी बाजूला काढला. मटण खाल्लं, भात खाल्ला. मग बटाटा मधोमध कापला, एक अर्धं तिच्या ताटात ठेवलं आणि दुसरं डोळे मिटून खाल्लं.

"झालं," ते म्हणाले. "सापडलं बहुतेक. पुढच्या शनिवारी सांगतो."

तो आठवडा तिला जड गेला. बिर्याणीच असणार. ती सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. आईला हे आवडलं असतं का? देवाला काय पडलंय? वाक्यं चांगली होती, पण आईच्या तोंडी शोभली असती. तिच्या तोंडून ती पुस्तकातली वाटली असती.

पुढच्या शनिवारी ते कॉलेज स्ट्रीटच्या मागल्या गल्लीतल्या खाणावळीत गेले. इथे लांब टेबलांवर केळीची पानं मांडतात, आणि वाढपी त्या दिवशीचे पदार्थ एका दमात म्हणून दाखवतो. आपल्याकडे डावं-उजवं सगळं एकदम ताटात हवं असतं. इथे एक संपलं की दुसरं. आधी कडू, मग डाळ, मग मासा, आणि चटणी एकदम शेवटी. कोलकत्यात आल्या आल्या विजयाबाईंनी इथे पहिल्याच घासाला चटणी मागितली होती आणि अख्खी खाणावळ थबकली होती.

पहिलं आलं शुक्तो. कारलं, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, वर दुधाचा हलका रस. श्रीकांतरावांनी पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सासूबाई आल्या हं."

मधुवंती दचकली. हे आईचं वाक्य होतं. लहानपणापासून तिने ते ऐकलं होतं आणि आजीच्या कडवट स्वभावावरची ती थट्टा आहे, असंच ती धरून चालली होती.

"थट्टा होतीच," ते म्हणाले. मग त्यांनी जेवता जेवता सगळं सांगितलं. आजी गेली तेव्हा ते नागपूरला होते. गयेला नवरा-बायको दोघंही गेले. त्यांनी पडवळ सोडलं, विजयाबाईंनी कारलं. दोघांनाही ते आवडत नव्हतं. परतीच्या गाडीत दोघं शाळेतल्या पोरांसारखी हसली होती. पुढच्याच वर्षी बदली झाली कोलकत्याला, आणि इथे जिथे जेवायला जावं तिथे पहिल्या घासाला शुक्तो. त्याचा वास घेतला मात्र, आणि विजयाबाई हरल्या. त्यांना ते खायचंच होतं. श्रीकांतरावांनी समजावलं, हे बारकं कारलं आहे, बंगाली याला उच्छे म्हणतात, ही वेगळी भाजी. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, की वडाला बंगाली येत नसेल, मला येतं.

"कधीच नाही खाल्लं?"

"एक घास नाही. तिच्या पानावर आलेलं मला वाढायची आणि विचारायची, कसं झालंय सांगा. मी सांगायचो. आज दूध जास्त आहे, आज मोहरी पुढे आली. नीट सांगितलं नाही तर चिडायची. म्हणायची, बँकेचा रिपोर्ट नका देऊ, चव सांगा." डाळ आली, ती त्यांनी भातात कालवली. "तुझ्या आजीचं आणि तिचं कधी जमलं नाही, मधू. पण माझी आई मला वर्षातून एकदा श्राद्धाला आठवायची. हिच्या पानावर ती दर आठवड्याला यायची. पडवळ मला या गावात फारसं भेटलंच नाही. मी सुटलो."

वाढपी पुढे सरकला. समोरच्या बाकावरचे दोन प्राध्यापक इलिशमाशाचे काटे आणि निवडणूक एकाच वेळी चिवडत होते.

"म्हणून सगळ्यांत आवडतं ते शोधत नव्हतो मी," श्रीकांतराव म्हणाले. "सगळीकडे भेटेल, असं काहीतरी हवं होतं. केबिनच्या चॉपमध्ये, साहेबी हॉटेलात, बिर्याणीत, इथल्या खसखशीच्या पोस्तोत. या शहरात कुठेही जा, पानावर येतोच. टांगऱ्यात तेवढी सुटका आहे."

"बटाटा," मधुवंती म्हणाली.

"बटाटा."

आठवडाभर जुळवलेली वाक्यं तिच्याजवळ होती. त्यातलं एकही तिने काढलं नाही. जो माणूस घराबाहेर पडणारच नाही, त्याला बटाटा सोडून काय मिळणार होतं? हे सोडायला या माणसाला दर आठवड्याला बाहेर पडावं लागणार होतं, पानासमोर बसावं लागणार होतं, आणि समोर आलेलं बाजूला काढावं लागणार होतं. तिने मान खाली घालून शुक्तोचा घास घेतला. कडू आधी जिभेवर आलं, मग दुधाने ते हळूच झाकलं. इतकी वर्षं ती हे खात होती आणि आई समोर बसून बघत होती.

"मीही काही सोडू का?" तिने विचारलं. "मी येतेच आहे गयेला."

"तू काही सोडायचं नाही," ते म्हणाले. "मला चव कोण सांगणार?"

तिने हाक मारून वाढप्याला आलू-पोस्तो आणायला सांगितलं. खसखशीच्या पांढऱ्या वाटणात घोळलेल्या बटाट्याच्या फोडी, वर कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. तिने एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि सवय व्हावी म्हणून सुरुवात केली. "मऊ झालाय, पण कडा अजून शाबूत आहेत. तेल नाकात जातंय. खसखस जरा जाडच..."

"थांब," श्रीकांतराव म्हणाले आणि वाटी स्वतःकडे ओढली. "अजून गेलो नाहीये मी गयेला."