ग्रिमहोल्म बेटावरचं बटाट्याचं सार

वामनराव सेलूकर आयुष्यात उत्तरेला भोकरदनच्या पुढं गेलेले नाहीत. तरी निवृत्तीनंतर त्यांनी जी रहस्यकादंबरी लिहिली, ती नॉर्वेच्या पार वरच्या अंगाला एका बेटावर घडते. जालन्यात खून होत नाहीत असं नाही. पण जालन्यात खून झाला की तो कोणी केला, का केला आणि त्यावर त्याच्या मेव्हण्याचं काय म्हणणं आहे, हे संध्याकाळपर्यंत पानटपरीवर कळतं. रहस्याला जागाच उरत नाही. म्हणून वामनरावांनी ग्रिमहोल्म नावाचं बेट तयार केलं, त्याच्या भोवती समुद्र घातला, तो गोठवला, होडी बंद केली आणि वादळात मोबाईलचा टॉवर पाडला.

थंडीचा अभ्यास त्यांनी घरच्या फ्रिजवर केला. फ्रीजरमध्ये हात घालून ते डोळे मिटून उभे राहायचे. मागून त्यांच्या पत्नी रजनीताई म्हणायच्या, "अहो, अभ्यास झाला असेल तर मटाराची पिशवी द्या."

नोकरी महसूल खात्यात झालेली. त्यामुळे कादंबरीतला इन्स्पेक्टर हाकोन प्रेत बघून सगळ्यात आधी दोन पंच बोलावतो. पंच बर्फातून येईपर्यंत प्रेत ताटकळतं. मग पंचनामा होतो : घटनास्थळाच्या पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस लार्स कोळ्याचे घर.

एवढं सगळं जमलं, प्रकाशक तेवढा जमत नव्हता. शेवटी संभाजीनगरचे सोमेश्वर पाठक तयार झाले. आजवर त्यांनी स्पर्धापरीक्षांची गाईडं छापलेली. त्यामुळे त्यांचा भर परीक्षेवर. "मी रविवारी येतो," ते फोनवर म्हणाले. "तुमच्या ओळखीची माणसं बसवा. पहिली तीन प्रकरणं वाचा. कोणी खुनी ओळखला न्हाई, तर छापतो. ओळखला, तर मंग माफ करा. सुरुवातीलाच खुनी कळल्यावर पुढची पानं कोण विकत घेतो?"

वामनरावांना ही अट फारच सोपी वाटली. इतकी, की त्यांनी दारावरच्या 'सेवानिवृत्त अव्वल कारकून' या पाटीच्या जागी 'रहस्यकथाकार' अशी नवी पाटी ठोकून घेतली. कॉलनीत सगळ्यांना सांगून झालं. आता पुस्तक आलं नसतं, तर ती पाटी उतरवताना बघायला अख्खी कॉलनी गेटवर उभी राहिली असती.

रविवारी हॉल भरला. समोरच्या घरातले खरात सर आले. हे गणिताचे निवृत्त शिक्षक, नाव भिवा, पण त्या नावानं हाक मारायची परवानगी फक्त वामनरावांना. सोबत त्यांच्या पत्नी बेबीनंदावहिनी. गल्लीत कोणाकडं वाईट झालं, की त्या घरात चूल पेटत नाही आणि पिठलं-भाकरीचं पहिलं भांडं बेबीनंदावहिनींचं येतं. जात, पात, भांडण, अबोला, काही आड येत नाही. भांडं पोचल्यावर मग रडायला सुरुवात.

पोहे झाले, चहा झाला. सोमेश्वर सर खुर्चीत टेकले आणि वामनरावांनी घसा साफ केला. पहिल्या प्रकरणात पोस्टमास्तर गुन्नार बर्फात मरून पडलेला सापडला. चतुःसीमा वाचताना खरात सरांनी मान डोलावली. दुसरं प्रकरण सुरू झालं.

"'बाहेर वादळ घोंघावत होते. इन्स्पेक्टर हाकोनने गुन्नारच्या पत्नीला, मार्टाला, ती दुःखद वार्ता दिली. इतक्यात दार लोटून शेजारची सिग्रिड आत आली. तिच्या हातात झाकलेले पातेले होते. पातेल्यातून वाफा येत होत्या. चूल पेटवू नकोस मार्टा, ती म्हणाली. दोन घोट बटाट्याचे सार घे.'"

"हिनंच मारलं," बेबीनंदावहिनी म्हणाल्या.

वामनरावांनी चष्मा काढला. "वहिनी, आत्ताशी दुसरं प्रकरण आहे. अजून सगळी माणसंसुद्धा आली न्हाईत."

"येऊ द्या की. आल्यावर त्यांनाबी सांगू."

"पण कशावरून?"

"सायबानं निरोप आत्ता दिला ना? मंग हिनं बटाटे कव्हा शिजू घातले? मी निरोप आल्याबरोबर जल्दी जल्दी करते, तरी साध्या पिठल्याला येळ लागतो. आन् हे तर सार. बटाटे उकडा, कुस्करा, फोडणी द्या. हिला आधीच माहीत होतं."

"थंडीत पाणी उकळायलाच जास्त वेळ," खरात सरांनी भर घातली. "गणित बराबर आहे."

"काहीतरीच!" वामनराव उसळले. "खरा पुरावा तर सतराव्या प्रकरणात सापडतो. तिच्या कोटाचं बटण!"

बोलून गेल्यावर वामनरावांच्या लक्षात आलं की इन्स्पेक्टर हाकोनच्या आधी आपणच कबुलीजबाब दिलेला आहे.

सोमेश्वर सरांनी कप खाली ठेवला. "सेलूकर साहेब, हे सार तुम्ही मुद्दाम टाकलं होतं का?"

"बिलकुल न्हाई!" वामनराव काकुळतीला आले. "तिचा कोणाला संशय येऊ नये म्हणून मी तिला सगळ्यात आधी पाठवली हो. चांगली बाई दिसावी म्हणून."

"नॉर्वेत असं भांडं नेतात का पण?"

"म्हणजे?" रजनीताई दारातून म्हणाल्या. "घरात माणूस गेल्यावर तिथं काय पुरणपोळ्या लाटतात?"

सोमेश्वर सर मूळचे सज्जन. त्यांनी खिशातला पेन काढून वामनरावांपुढं धरला. "ऐका. तेवढं पातेलं काढून टाका. चार ओळींचं काम आहे. पातेलं गेलं की पुरावा गेला. मी डोळे झाकून छापतो."

वामनरावांनी पेन घेतला. पहिली ओळ खोडली. दुसरी खोडणार, तोच रजनीताईंनी विचारलं, "मंग मार्टाला कोण काय आणतं?"

"कोणी न्हाई."

"सकाळपासून?"

"कादंबरी आहे ती, रजनी."

"असू द्या की. नवरा बर्फात पडलेला, पंच येऊन राह्यलेत, साहेब प्रश्नावर प्रश्न विचारून राह्यला, आणि अख्ख्या गावात एका बाईच्या हातून घोटभर पाणी न्हाई? कसलं गाव वसवलंत हो तुम्ही?"

"लार्स नेईल," वामनराव घाईनं म्हणाले. "लार्स मासे नेईल."

"मंग लार्सनं मारलं," बेबीनंदावहिनी म्हणाल्या.

"उशिरा पाठवतो! संध्याकाळी!"

"तवर ती उपाशी?"

वामनराव पानाकडं बघत राहिले. दारावरची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं होती. तिचा खिळासुद्धा दिसत होता. पण त्या पानावर मार्टाही बसलेली होती, रिकाम्या टेबलापुढं, आणि तिला तिथं त्यांनीच बसवलेलं होतं. त्यांनी पेन पुन्हा टेकवला. उचलला. मग खोडलेल्या ओळीच्या वर ती ओळ बारीक अक्षरात परत लिहून काढली आणि पेन सोमेश्वर सरांना दिला.

"राहू द्या सर. कळला खुनी तर कळला. त्या बाईला उपाशी ठेवून मला रहस्य न्हाई करायचं."

"मंग माझाही नाइलाज आहे," सोमेश्वर सर म्हणाले. ते उठले, पिशवी खांद्याला लावली, पोह्यांबद्दल आभार मानले आणि दारात बसून बूट घालायला लागले. हॉलमध्ये कोणी कोणाकडं बघेना. खरात सरांनी छताच्या पंख्याची पाती मोजली.

"भावजी," बेबीनंदावहिनी हळूच म्हणाल्या, "त्या सायबानं खाल्लं का ते सार?"

"कोणी, हाकोननं? खाल्लं ना. थंडीतनं आला होता. मार्टानं आग्रह केला. दोनदा घेतलं."

"अरे देवा," रजनीताई म्हणाल्या.

"वाम्या, गोची झाली मंग," खरात सर पंखा सोडून पुढं सरकले. "जिच्या हातचं दोन वाट्या खाल्लं, तिलाच बेड्या घालायच्या? तोंड कसं वर करणार तो?"

"आन् खाताना चांगलं झालंय म्हनला का?" वहिनींनी विचारलं.

"म्हणाला. आणि त्याला संशय येतो तेव्हा होडी बंद असते, त्यामुळे राहायलाही तो तिच्याकडंच..."

"तिच्याकडंच?" रजनीताई पुढं आल्या. "आणि रोज तिच्याच हातचं जेवतो?"

"दुसरीकडं सोयच न्हाई बेटावर."

"आता तर संपलंच," खरात सर म्हणाले. "कसा पकडतो मंग?"

दारात एक बूट घालून झालेला होता. दुसरा सोमेश्वर सरांच्या हातात तसाच राहिला होता.

"तेच तर," वामनराव म्हणाले. अट मोडलेली, पुस्तक गेलेलं, आता लपवायचं तरी काय, अशा सुरात ते सांगू लागले, "बाविसाव्या प्रकरणात काय होतं की हाकोन तिला—"

"सांगू नका!" सोमेश्वर सर ओरडले.

सगळ्यांनी वळून बघितलं. सोमेश्वर सर तसेच, एक पाय बुटात आणि एक मोज्यात, खुर्चीपर्यंत आले आणि बसले.

"तिसरं प्रकरण वाचा," ते म्हणाले. "आणि वहिनी, मधी बोलू नका."