शेजारच्या खाटेची गोष्ट

मी घंटी बोलतेय. टेबलावर ठेवायची, डोक्यावर बोट दाबलं की वाजणारी. आवाज माझा अजून खणखणीत आहे, त्याबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. डोकं मात्र गोंधळलेलं आहे, आणि तो गोंधळ माझा नाही, माणसांचा आहे.

एका कारखान्यात मी पितळेच्या पत्र्यातून घडले. तिथून थेट इस्पितळात आले, बायकांच्या वॉर्डाच्या दारातल्या टेबलावर. त्या वॉर्डावर मेट्रनबाईंचं राज्य होतं. संध्याकाळी त्या मला एकदा वाजवत, की डबे, पिशव्या घेऊन ताटकळलेले नातेवाईक आत घुसत. दोनदा वाजवत, की सगळ्यांनी बाहेर. एखादा जावई ‘पाचच मिनिटं हो सिस्टर’ म्हणून घुटमळला, की बाई काही बोलत नसत, नुसत्या बघत. जावई जिना उतरलेला असे.

एक म्हणजे या, दोन म्हणजे जा. माझं आयुष्य असं सरळ होतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या मुलींनी मलाच निरोपाची भेट म्हणून त्यांच्या हातात ठेवलं. घरी बाईंना करमेना. गल्लीच्या टोकाला वाचनालयाचा हॉल होता, तिथे वादविवादाचे सामने होत. बाई आधी मागच्या खुर्चीवर बसून ऐकू लागल्या, मग ‘तो मघाशी असं म्हणाला आणि आता तसं म्हणतोय’ असं मोठ्याने पुटपुटू लागल्या. शेवटी आयोजकांनी त्यांना परीक्षकांच्या टेबलावरच नेऊन बसवलं. सामान्य माणसाच्या कानाने ऐकणारं कुणीतरी हवंच होतं म्हणे. बाईंबरोबर मीही गेले, आणि तिथून माझं डोकं फिरलं.

हे सामने संसदेसारखे. एक ठराव असतो, एक सरकार पक्ष, एक विरोधी पक्ष. मला वाटलं, ज्याला जे पटतं ते तो बोलत असेल. छे! नाणं उडवून बाजू ठरते. सकाळी जो पोरगा एखादी गोष्ट बंद करा म्हणून गळा फाडत होता, तोच दुपारी ती चालू ठेवा म्हणून त्याच गळ्याने ओरडत होता. मुद्दा आवडला की ही माणसं टेबल बडवतात. पहिल्या वेळी मला वाटलं, आता मार बसणार. एकमेकांची सालटी काढून झाली की हात मिळवतात आणि एकाच बाटलीतलं पाणी पितात.

आणि माझं वाजणं! भाषणाच्या सुरुवातीला एकदा वाजले, की समोरच्यांना मध्येच उठून प्रश्न विचारायची मुभा. शेवटाकडे पुन्हा एकदा वाजले, की ती मुभा बंद. आवाज तोच, हुकूम उलटा. दोनदा वाजले, की आटपा. तेवढं मात्र वॉर्डातलंच राहिलं.

वाजवायचं काम मुख्य परीक्षकांचं. ते वकील होते, मोठ्या पोटाचे आणि मोठ्या मनाचे. तिसरा परीक्षक एक दाढीवाला, पूर्वी स्वतः सामने गाजवलेला.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्याचा ठराव जाहीर झाला: रुग्णालयांतल्या भेटीच्या वेळा रद्द व्हाव्यात.

मी टेबलावर थंडगार पडले. वकीलसाहेब बाईंकडे वळून हळूच म्हणाले, की या सामन्यापुरतं तुम्ही बाजूला बसलात तरी चालेल, तुमचं मत सगळ्या हॉलला ठाऊक आहे. बाईंनी पर्स उघडली आणि खटकन बंद केली. “माझं मत ठेवलं आत,” त्या म्हणाल्या. “आता ऐकू द्या.”

वेळा रद्द करा म्हणणारा सरकार पक्षाचा लंबू बोलला. रोगी म्हणजे कैदी नव्हे, जवळचं माणूस खाटेशी असलं की चार घास जास्त जातात, बिघडलेलं त्यालाच आधी कळतं. विश्रांतीचं काय, असं कुणीतरी उठून विचारलं. ज्याला विश्रांती हवी तो आपल्या माणसाला घरी पाठवेल, तो निर्णय रोग्याचा, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

मग विरोधी पक्षाची झिपरी उठली. केस कधी विंचरत नसे म्हणून झिपरी. तिचं हे शेवटचं वर्ष. याआधी अंतिम सामन्यात हरलेली, आणि हा जिंकला तर मोठ्या स्पर्धेचं दार उघडणार होतं. पोरगी बोलायला लागली की हॉल हसून लोळायचा. खाटेवरच मांडी घालून बसणारे काका, रोग्याचा डबा स्वतःच फस्त करणारी आत्या, सगळी वरात तिने उभी केली. टेबलं बडवली गेली, मी जागेवरून हलले. मग ती बाईंकडे बघून म्हणाली, “रोग्याला शांतता का लागते, हे मी सांगायला नको. ज्यांनी वॉर्ड पाहिलाय त्यांना माहीत आहे.” आणि पुढे गेली.

बाईंची पेन्सिल मात्र थांबली नाही. भराभर लिहीत होती.

निकालासाठी तिघे आतल्या खोलीत गेले. वकीलसाहेबांच्या मुठीत मीही. आधी प्रत्येकाने गप्प राहून आपापलं ठरवायचं, मग बोलायचं, असा तिथला रिवाज. वकीलसाहेबांनी झिपरीला कौल दिला, दाढीवाल्याने लंबूला. बाईंवर येऊन ठेपलं.

“तुमचं काय विचारायचं?” वकीलसाहेब हसले. “जन्मभर तुम्ही तेच केलंत.”

बाई आपला कागद वाचत होत्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “ही शेजारच्या खाटेची गोष्ट,” त्यांनी विचारलं, “पोरगी कधी म्हणाली?”

“कुठली गोष्ट?”

“विश्रांती हवी तर रोगी आपल्या माणसाला घरी पाठवेल. ठीक. पण शेजारच्या खाटेवरची बाई कुणाला पाठवणार? तिचं ड्रेसिंग चाललंय आणि पडद्यापलीकडे परक्यांची गर्दी. तिला कुणी विचारलंय?”

दोघांनी आपापले कागद चाळले. कुणाकडेच ती ओळ नव्हती.

“म्हणजे हे मीच म्हणाले,” बाई म्हणाल्या. त्यांनी ती ओळ खोडली, तिच्याखालची खोडली, तिच्याही खालची. झिपरीच्या नावाखाली उरल्या त्या काका-आत्या. मग त्यांनी लंबूला कौल दिला.

मला काही उमजेना. जन्मभर जिने मला दोनदा वाजवलं, तीच आज दार उघडं ठेवा म्हणणाऱ्याला जिंकवते? मग ते सगळे जावई उगाच जिना उतरले की काय?

हॉल रिकामा झाला. बाई मला पर्समध्ये ठेवत होत्या, तेवढ्यात झिपरी आली. डोळे लाल.

“मावशी, मी म्हणत होते ते खरं आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“मला माहीत होतं गं. तू सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तर...”

“तिथेच फसलीस. मी आपलीच आहे म्हणून अर्धं भाषण माझ्यावर टाकून मोकळी झालीस. ते मी केलं, पोरी, फार चांगलं केलं. पण गुण तुला द्यायचे होते.”

मग बाईंनी तिला शेजारच्या खाटेची गोष्ट सांगितली. झिपरी ऐकत राहिली. “हे मला सुचलंच नाही,” एवढंच म्हणाली, आणि न भांडता निघून गेली. बाईंनी तिला थांबवलं नाही. घरी जाऊन जेवल्याही नाहीत.

पुढच्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी हॉलच्या जिन्याशी भांडण काढलं. त्यांनी आयोजकांना झिपरीचं नाव सुचवलं आणि मला तिच्या हवाली केलं. आता मी तिच्या पिशवीत राहते, कंगव्याशेजारी. कंगवा अजून नवाकोरा दिसतो.

खरं कोण आणि खोटं कोण, मला अजून कळलेलं नाही. जिंकतो तो खरा नसतो म्हणतात, मग टेबलं कशाला बडवता? तुम्ही शहाणे असाल तर मला समजावून सांगा. पण सांगाल ते पूर्ण सांगा, माझ्यावर सोडू नका. माझ्याकडे वाजण्यापलीकडे काही नाही.

परवा झिपरी पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसली. कुणीतरी तावातावाने बोलत होतं, तिची पेन्सिल माझ्या कानाशी भराभर चालली होती. अचानक थांबली. मग एक लांब, सावकाश खरखर ऐकू आली.

ओळ खोडली तिने. कुणाची, ते मला विचारू नका.