निळ्या सायकलवरचं नाव

रेशमाच्या मर्गिलान शहरात पोराची सुंता झाली की त्याला सायकल मिळते, आणि सुंता झालेल्या पोराला निदान पंधरा दिवस सायकलवर बसता येत नाही. आयांना तेवढे पंधरा दिवस पुरतात. सायकल प्लास्टिकसकट कोठीत जाते, कुलूप लागतं, आणि दुसऱ्या कुणाच्या पोराची वेळ येऊन तीच भेट म्हणून पुढे जाईपर्यंत ती तिथेच उभी राहते. याला कुणी नावं ठेवत नाही. आधीच्या देणाऱ्याचं नाव तेवढं पुसलेलं हवं.

हिदायतच्या कोठीत अशी एक निळी सायकल पाच वर्षं उभी होती. तिच्या इल्योरच्या सुंतेला थोरल्या बहिणीने, सालोमतने दिलेली. त्याआधी दोनच महिने दोघी बहिणींचे वडील गेले होते. भरल्या अंगणात सायकल ढकलत आणून सालोमत म्हणाली होती, "बाबा नाहीत, पण त्यांची उणीव मी भासू देणार नाही." बायकांनी रुमाल काढले होते. सहा वर्षांचा इल्योर पुढे महिनाभर कोठीचं कुलूप हलवून बघत असे. मग त्याने नाद सोडला. आता तो त्या सायकलवर बसला तर गुडघे हँडलला लागतील.

आज मात्र सायकलची वेळ आली होती. मोहल्ल्यातल्या झुमरदच्या धाकट्याची सुंता होती, आणि झुमरदच्या थोरल्याशी हिदायतच्या मुलीचं, ओयदिनचं, लग्न जमत आलं होतं. जमवणारी सालोमतच. झुमरदच्या दारात एक बाई बसणार, प्रत्येक वस्तूवरचं नाव मोठ्याने वाचणार, आणि कुणी काय आणलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला तोंडपाठ होणार. ओयदिनचं लग्न या एका सायकलवर अडलं नव्हतं, पण दुसऱ्याचं नाव दिसणाऱ्या सायकलवर ते नक्की अडलं असतं.

म्हणून सकाळपासून हिदायत द्राक्षाच्या मांडवाखाली सायकल आडवी टाकून बसली होती. आडव्या दांडीवर सालोमतच्या नावाची चिठ्ठी, तिच्यावर रुंद चिकटपट्टीचे तीन वेढे. पट्टी पाच उन्हाळ्यांत पिवळी पडून वाळली होती. वरचे दोन वेढे निघाले, शेवटचा चिठ्ठीला धरून बसला, आणि मोकळ्या झालेल्या जागी काळा चिकटा उरला. साबणाच्या गरम पाण्याने बोटंच चिकटली. सुरी लावावी तर रंग जाणार.

"रॉकेल लाव," खाटेवर चहा पीत तिचा नवरा एर्गाश म्हणाला.

"आणि वास? सोयरीक जोडायला चाललोय, अहो, दिवे भरायला नाही."

"मग स्वयंपाकाचं तेल लाव. नाहीतरी निम्मं तू पुलावात ओततेसच."

तिने सरकीचं तेल आणलं, फडक्यावर घेऊन दांडीवर थापलं आणि वाट पाहिली. एर्गाशचं बोलणं वर्षातून दोनदा खरं ठरायचं, त्यातलं हे एक. चिकटा सुटायला लागला, पट्टीचा शेवटचा वेढाही निघाला. वरची चिठ्ठी तेल पिऊन पारदर्शक झाली, आणि सालोमतच्या नावाखालून दुसरीच अक्षरं वर आली. जुनी रशियन वळणाची, टपोरी.

हिदायतने वरचा कागद नखाने हळूच सोलला.

"माझ्या इल्योरला. आजोबा."

रेशमाच्या गिरणीत तीस वर्षं गठ्ठ्यांवर खुणा लिहून बाबांच्या हाताला पडलेलं वळण. ते ओळखण्यात कुणाची चूक झाली नसती. मुलगा नसल्याने शेवटची वर्षं ते सालोमतकडेच राहिले होते.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि नवा रेशमी झगा सावरत सालोमत आत आली. "अगं अजून इथेच? झुमरदकडे पंगती बसायला लागल्या!" मग तिची नजर दांडीवर गेली.

एर्गाशने चहाची वाटी उचलली आणि तो घरात निघून गेला. अशा वेळी त्याला फार समज यायची.

"आपा, हे तुझ्या नावाखालून निघालं," हिदायत म्हणाली.

सालोमत झगा वर धरून उकिडवी बसली. तिने वाचलं. लाज वाटली असेल तर ती चेहऱ्यापर्यंत आली नाही.

"घरात उभीच होती सायकल," ती म्हणाली. "दिवसकार्यात माझं सगळं घर रिकामं झालं. तुला काय माहीत? तू तीन दिवस रडलीस आणि गेलीस. रिकाम्या हातानं आले असते तर तुझ्या सासूनं काय म्हटलं असतं?"

"बाबांनी दिली म्हणून सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"इल्योर पाच वर्षं म्हणतोय, आजोबांनी मला काहीच नाही ठेवलं."

"आणि तू?" सालोमतने मान वर केली. "मी नाव बदललं, हिदायत. सायकल तर पोहोचवली ना त्याच्या दारात? तिथून पुढे एक दिवस तरी बसू दिलंस? किल्ली कुणाच्या कमरेला होती?"

हिदायतचा हात कमरेकडे गेला. किल्ली आत्ताही तिथेच होती.

"तुला भांडायचं असेल तर भांड," सालोमत उठत म्हणाली. "मी घरी जाते. झुमरदला सांगते, बहिणीला बरं नाही, ओयदिनचं पुढच्या वर्षी बघू."

घरात ओयदिन आरशासमोर काहीतरी गुणगुणत होती. मांडवापर्यंत ऐकू येत होतं.

हिदायतने फडकं पुन्हा तेलात बुडवलं. बाबांचा कागद अख्खा निघेल असं तिला क्षणभर वाटलं, पण तेलाने तो भिजून गेला होता. त्याच्या वळ्या झाल्या, मग काळपट गोळ्या, आणि त्या फडक्याला लागल्या. सालोमतने न सांगता हँडल घट्ट धरलं, म्हणजे चाक फिरणार नाही. निळा रंग लख्ख निघाला.

सालोमतने दांडीवरून अंगठा फिरवून बघितला. "आता कोण म्हणेल जुनी आहे!"

हिदायतने नवी चिठ्ठी घेतली, पेनाचं टोपण दाताने काढलं.

"ऐक," सालोमत आवाज उतरवून म्हणाली, "मीही आज काही नेत नाहीये. दोघींचं नाव घाल."

हिदायतने तिच्याकडे पाहिलं. सालोमत झग्यावरचा तेलाचा डाग रुमालाने टिपत होती.

हिदायतने दोघींची नावं लिहिली. सालोमत थोरली, म्हणून तिचं आधी.